पाचवी गोळी

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टरांनी सांगितलं, घरात एक वही ठेवा. काय खाल्लं, गोळ्या घेतल्या का, काही त्रास झाला का, ते रोज लिहा. आजार हिचा, पण वही माझ्या गळ्यात पडली. ही म्हणाली, तुम्हाला रकाने आखायची खोड आहे, तुम्हीच लिहा. मी प्रयोगशाळेतलं एक जुनं रजिस्टर घरी आणलं, लिहिलेली पानं फाडली आणि आजपासून सुरुवात करतो आहे.

हिच्या मानेतल्या गाठीत क्षय निघाला, त्याचं औषध सुरू होऊन सात आठवडे झाले. रोज सकाळी उपाशीपोटी विटकरी रंगाच्या चार मोठ्या गोळ्या. पाचवी एक छोटी पांढरी असायची, जीवनसत्त्वाची. सुरुवातीला एवढ्या गोळ्या हिला गिळवेनात, घशाशी यायच्या. तेव्हा मी म्हटलं, ती पाचवी नुसती ताकदीची आहे, ती राहू दे, मूळ औषध चुकवू नकोस. तेव्हापासून ती पट्टी फडताळात पडून आहे.

या औषधाने यकृताला इजा होऊ शकते. म्हणून दर दोन आठवड्यांनी रक्तातलं एसजीपीटी बघतात. यकृताच्या पेशीतलं हे एन्झाइम. पेशी दुखावली की रक्तात गळतं. आकडा चाळीसच्या आत असावा. तिप्पट झाला आणि सोबत उलटी-मळमळ असली, तर गोळ्या थांबवायच्या, असं छातीच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. हे रक्त आमच्याकडेच येतं. मी रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं तंत्रज्ञ आहे, त्यामुळे बायकोचं रक्त मीच तपासतो.

आजचा आकडा ५८. संध्याकाळी दारातच हिने विचारलं, "काय म्हणाली माझी सवत?" ती आमच्या यंत्राला सवत म्हणते. मी आकडा सांगितला. म्हटलं, थोडा वर आहे, काळजीचं नाही.

जेवण: अर्धा बटाटा, दूध. मळमळ आहे म्हणाली.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी नेहमीप्रमाणे पाच मिनिटं डोळे मिटून बसलो. मी देवाजवळ फार बोलत नाही. पण जानेवारीपासून एक मागणं चुकत नाही, की हिचा आकडा वाढू देऊ नकोस.

हिचं जेवण कमी झालं आहे. भाजीला मातीची चव येते म्हणते. मी म्हटलं, औषधाने तोंड बिघडतं, आकडा चांगला आहे. तिने ताट सारून ठेवलं.

मंगळवार, ११ मार्च

हिचं कपडे दुरुस्त करून देण्याचं काम घरातूनच चालतं. पुढच्या खोलीत खिडकीशी पायाचं शिलाई मशीन आहे. आज एका गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी कमी करताना टीप वाकडी गेली. वीस वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं. ही म्हणाली, पायडल कुठे आहे तेच पायाला कळत नाही. तळव्यांना मुंग्या येतात, मोजे घालून चालल्यासारखं वाटतं. मी तेल लावून पाय चोळून दिले. बसून बसून रक्त साकळतं, असं सांगितलं.

दुपारी माझी थोरली बहीण आली होती. आक्काने हिचा चेहरा पाहिला आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. हिचं काही खरं दिसत नाही, म्हणाली. मी ५८ आकडा सांगितला, चाळीस म्हणजे काय, तिप्पट म्हणजे काय, हे सगळं समजावलं. आक्का सगळं ऐकून घेते. शेवटी म्हणाली, "आकडा काय म्हणतो ते सांगितलंस. ती काय म्हणते?"

मी म्हटलं, ती म्हणते मळमळतं. आक्काने भांडी घासायला घेतली.

आक्का चौथीपर्यंत शिकलेली. तिला हे समजणं कठीण आहे.

शनिवार, १५ मार्च

आज प्रयोगशाळेत जरा शरमिंदा होण्याचा प्रसंग आला, पण शेवट बरा झाला.

मोठे सर निवृत्त झाल्यावर महिन्यापूर्वी नव्या मॅडम प्रमुख म्हणून आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. आज त्यांनी शीतकपाट रिकामं करायला घेतलं. खालच्या कप्प्यात त्यांना बोटाएवढ्या तपकिरी बाटल्या सापडल्या, चौतीस. एकीचंही सील फुटलेलं नव्हतं.

या काय आहेत, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. एसजीपीटीच्या रसायनाच्या खोक्यात दोन मोठ्या बाटल्या येतात आणि ही एक छोटी. छोटी मोठीत मिसळायची असते. मिसळली की रसायन आठवडाभरच टिकतं. न मिसळता महिनाभर चालतं. अकरा वर्षांपूर्वी मोठे सर म्हणाले होते, याने फरक पडत नाही, उगाच रसायन वाया जातं, राहू दे. तेव्हापासून मी मिसळत नाही. गेल्या तीनेक वर्षांच्या बाटल्या फेकवल्या नाहीत म्हणून ठेवल्या होत्या.

मॅडम ओरडल्या नाहीत. "काका, या बाटलीत काय असतं माहीत आहे का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रसायन चांगलं चालावं म्हणून काहीतरी असणार. मग त्या स्टूल ओढून बसल्या आणि कागदावर काढून दाखवू लागल्या.

हे एन्झाइम एक देवाणघेवाण करतं. एका रेणूच्या अंगावर नायट्रोजनचा एक छोटा गट असतो, तो काढून घ्यायचा आणि दुसऱ्या रेणूच्या अंगावर बसवायचा. पहिला रेणू येतो, आपला गट ठेवून निघून जातो. मग दुसरा येतो, तो गट घेऊन जातो. दोघांची गाठही पडत नाही. मधल्या काळात तो गट धरून कोण ठेवतं? एन्झाइमच्या खोबणीत एक जीवनसत्त्व बसलेलं असतं, ते. छोट्या बाटलीत तेच असतं. एन्झाइम पुरेपूर असलं तरी त्याच्या खोबणीत ते नसेल, तर नुसतं नावाला उभं.

मला आमच्या गावची शाळा आठवली. छपरावर कौलं चढवायची होती तेव्हा आम्हा मुलांना ओहोळापासून भिंतीपर्यंत रांगेत उभं केलं होतं. मागच्याने कौल द्यायचं, आपण घ्यायचं, वळून पुढच्याला द्यायचं. दिवसभरात माझ्या हातातून चारशे तरी कौलं गेली असतील, पण संध्याकाळी माझ्याजवळ एकही नव्हतं. मला तेव्हाही ते आवडलं होतं. हातातून जावं आणि हात रिकामे राहावेत, हे मला आजही एक प्रकारचं पूजेचं काम वाटतं. मी हे मॅडमना सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मी विद्यार्थ्यांना हेच सांगत जाईन. आणि मग म्हणाल्या, तुमचे गुरुजी काय मोजायचे, मुलं की कौलं? मी म्हटलं, भिंतीशी पोचलेली कौलं. त्या म्हणाल्या, आपलं यंत्रही कौलंच मोजतं. मुलं किती उभी आहेत ते त्याला दिसत नाही.

मग आम्ही एकाच बाटलीची मुदत शिल्लक होती ती फोडली, थोडं रसायन तयार केलं आणि प्रयोगशाळेतल्या सहा जणांचं रक्त दोन्ही पद्धतींनी तपासलं. फरक एक-दोनचाच आला. माझं २२ आणि २३. मला फार हायसं वाटलं. मोठे सर अगदीच चुकीचं सांगत नव्हते. मॅडम म्हणाल्या, निरोगी माणसात असंच येणार, त्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व भरपूर असतं. ज्यांच्या शरीरात ते कमी पडतं त्यांचा आकडा खोटा, कमी दिसतो. असे दोन-तीन प्रकारचे रुग्ण असतात, ते त्यांनी सांगितले. मी तेव्हा चौतीस बाटल्यांची नोंद करत होतो, ते लिहून घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात नवा खोका आला की सगळ्यांसाठी मिसळायला सुरुवात करायची असं ठरलं. उरलेलं तयार रसायन मॅडमनी तारीख घालून कपाटात ठेवायला लावलं.

हिला आज सकाळच्या चहाची उलटी झाली.

मंगळवार, १८ मार्च

आकडा ७१.

छातीच्या डॉक्टरांना आमच्या कागदावरूनच कळतं. ही समोर बसलेली असताना त्यांनी कागद पाहिला, मग हिच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद. काही त्रास, असं विचारलं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, मळमळ आहे, उलटी एकदा-दोनदा, जेवण कमी. ते म्हणाले, आकडा दुपटीच्याही आत आहे, गोळ्या मध्येच थांबवल्या तर रोग उलटतो, चालू ठेवा. उलटीची एक गोळी वाढवून दिली.

बाहेर आल्यावर ही बाकावर बसली. दहा मिनिटं बसलो. ही म्हणाली, "मी उगाच नाटकं करते असं डॉक्टरांना वाटलं असेल." मी म्हटलं, तसं कोण म्हणतं. पण माझ्या मनात आलं, आजारपणात माणूस हळवा होतो. हे मी लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायचं तर वही कशाला.

येताना हिची चप्पल पायातून निघाली. तिला चार पावलं कळलंच नाही.

बुधवार, १९ मार्च

काही नाही. दूध, पाव. शिलाई बंद.

गुरुवार, २० मार्च

आता दुपारचे तीन वाजले आहेत. प्रयोगशाळेतच लिहितो आहे.

सकाळी ही गोळ्या घेऊन बसली होती. चार विटकरी गोळ्या तळहातावर. म्हणाली, "ती छोटी गोळी पुन्हा घेऊ का? ती घेत होते तेव्हा पायाला मुंग्या नव्हत्या."

मी म्हटलं, घे की, त्यात काय. फडताळातून पट्टी काढली. देताना मुदत संपली नाही ना हे बघायला मागची बाजू उजेडात धरली. मुदत होती. वर औषधाचं नाव बारीक अक्षरात होतं. ते नाव मी शनिवारी चौतीस वेळा लिहिलं होतं. शेवटचा एक तुकडा सोडला तर तेच. ज्या जीवनसत्त्वाची पूड त्या तपकिरी बाटल्यांत असते, त्याचीच ही गोळी.

मी खुर्चीवर बसलो. ही विचारत होती काय झालं. मी विचारलं, ही गोळी बंद करून किती दिवस झाले? ती म्हणाली, तुम्ही सांगितलंत तेव्हापासून. दोन महिने होत आले असतील.

हिला म्हटलं, आज गोळ्या घेऊ नकोस, मी दुपारी येईपर्यंत थांब. ती म्हणाली, डॉक्टरांनी एक दिवसही चुकवू नका म्हटलंय. मी म्हटलं, मी सांगतो म्हणून थांब. पाचवी गोळीही मी सांगतो म्हणूनच थांबली होती.

प्रयोगशाळेत मॅडम यायच्या होत्या. मी हिचं मंगळवारचं रक्त कपाटातून काढलं. नमुने आम्ही आठवडाभर ठेवतो. शनिवारी तयार केलेलं रसायनही होतं, बाटलीवर माझ्याच अक्षरात तारीख. रोज यंत्र सुरू करण्याआधी मी हात जोडतो. आज राहून गेलं.

नेहमीच्या रसायनात ७०.

छोट्या बाटलीच्या रसायनात १५२.

पुन्हा केलं, १४९. पुन्हा केलं, १५३. माझं स्वतःचं रक्त लावून पाहिलं, ते २३ चं २३. यंत्र ठीक होतं.

चाळीसची तिप्पट एकशे वीस. तिचं यकृत केव्हाचं ओरडत होतं आणि मी तिला सांगत होतो, काळजीचं नाही. रांगेत मुलं गच्च उभी होती. त्यांचे हात बांधून टाकणारा मी आणि भिंतीशी उभं राहून कौलं कमीच आली म्हणून समाधान मानणाराही मी.

मी रोज सकाळी आकडा कमी येऊ दे म्हणत होतो. आकडा कमीच येत होता.

मॅडम आल्या तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. बाटली, गोळी, तळवे. त्यांनी तिथल्या तिथे छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या आजपासून बंद, हिला उद्या दाखल करून देखरेखीखाली ठेवायचं ठरलं. फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "शनिवारी मी तुमच्यासमोर क्षयाच्या गोळ्यांचं नाव घेतलं होतं काका. त्या गोळ्या हेच जीवनसत्त्व खातात."

मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.

त्या म्हणाल्या, नव्या खोक्याची वाट बघायला नको होती, ते माझं चुकलं.

मग मी त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. म्हणजे उद्या मला ते टाळता येणार नाही. छातीच्या दवाखान्यातून आमच्याकडे आणखी नऊ जणांचं रक्त येतं. अकरा वर्षांत किती आलं असेल ते मला मोजता येणार नाही. पण हे नऊ जण आज आहेत. मॅडम म्हणाल्या, मी पत्र तयार करते. मी म्हटलं, पत्र जाऊ द्या, पण फोन मी करतो. आकडे मी दिले होते.

घरी जातो आता.

शुक्रवार, २१ मार्च

हिला दाखल केलं. दोन नंबरच्या वॉर्डात खिडकीशी खाट मिळाली.

काल घरी गेल्यावर सांगितलं. सगळं सांगितलं, मोठ्या सरांच्या मागे लपलो नाही. ही पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. मी रागाची वाट पाहत होतो. बराच वेळ ती तळव्यावर तळवा घासत राहिली, काही कळतंय का ते बघत असल्यासारखी.

मग म्हणाली, "मला वाटलं मीच नाजूक झालेय."

एवढंच.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, माझी सवत बिचारी खोटारडी नव्हती, तुम्ही तिला अर्ध्या पोटी राबवत होता. हसली नाही म्हणताना. पण बोलली.

आक्का डबा घेऊन वॉर्डात येऊन बसली आहे. तिला मी काही समजावून सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

सोमवार, २४ मार्च

नऊपैकी सात जणांशी बोलणं झालं. काय सांगायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं: मी प्रयोगशाळेतून बोलतो आहे, तुमची तपासणी मी चुकीच्या पद्धतीने केली, पुन्हा रक्त द्यायला या. पहिल्या फोनला कागद वाचून दाखवला. दुसऱ्यापासून वाचला नाही. एक आजोबा म्हणाले, मला तर काही त्रास नाही हो. मी म्हटलं, तरी या. एका बाईंनी बरंच सुनावलं. त्यांचं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं.

बहुतेकांचे आकडे दोन्ही पद्धतींनी सारखेच आले, ते पाचवी गोळी नियमित घेणारे. एका रिक्षावाल्याचं मात्र ६४ चं १३१ निघालं. जेवणावर वासना नाही, असं तो महिनाभर घरी सांगत होता. घरचे त्याला म्हणत होते, तुझा रिपोर्ट चांगला आहे.

शुक्रवार, ४ एप्रिल

छोट्या बाटल्यांचा नवा खोका २२ मार्चलाच आला. आता दर सोमवारी मिसळतो. झाकणावर तारीख, खाली माझी सही. रसायन उरलं तर शनिवारी ओतून देतो. ओतताना जीव हळहळत नाही, हे पाहून माझं मलाच नवल वाटलं.

मॅडमनी सगळं वर कळवलं आहे. माझ्याबद्दल काय ठरेल माहीत नाही. ते ठरवतील ते बरोबर असेल.

ही परवा घरी आली. आकडा ४६, आणि तो खरा आकडा आहे. डॉक्टर आता गोळ्या एकेक करून पुन्हा सुरू करणार. पहिली सुरू झाली ती छोटी पांढरी. हिने ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, एवढीशी तर आहे, ही गिळायला मला काय झालं होतं.

मी म्हटलं, तुला काही झालं नव्हतं.

सकाळी डोळे मिटून बसलो होतो. मागायला काही सुचेना. नुसताच बसलो.

मंगळवार, २२ एप्रिल

आज रक्ताचा दिवस. संध्याकाळी दारातच हिने विचारलं, "काय म्हणाली माझी सवत?"

आकडा माझ्या खिशात होता. मी चप्पल काढली, हात धुतले, तिच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसलो. म्हटलं, "आधी तू सांग."

तिने जरा चमकून पाहिलं. मग सांगायला लागली. मी वही मांडीवर घेऊन लिहून घेतलं, ती म्हणाली तसंच:

सकाळी चहा गोड लागला. भाजीला अजून थोडी माती आहे पण कमी. दुपारी झोप लागली. उजव्या पायाखाली पायडल कळतं, थंड लागतं लोखंड. डाव्या पायाची करंगळी अजून परक्याची आहे. त्या पँटची टीप उसवून पुन्हा घातली, सरळ आली. गिऱ्हाईक म्हणालं, उशीर झाला. मी म्हटलं, झाला.

एवढं लिहून झाल्यावर तिने विचारलं, "आणि?"

मी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला. ३४.